पत्ता कट, पण कोणापासून?

गेल्या आठवड्यात माझ्यासमोर अकरा पानांची एक नोंद आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईने समुपदेशकाला सांगितलेली हकिकत. (तपशील मी इथे बदलले आहेत.) एका संस्थेत नव्या कार्यकर्त्यांना शिकवताना अशा जुन्या नोंदी नमुना म्हणून देतात. देण्याआधी त्या एका सॉफ्टवेअरमधून जातात. ते नाव, फोन, पत्ता शोधून त्यावर काळी पट्टी ओढतं. त्यानंतर मी वाचते.

पहिलं पान चोख होतं. नाव काळं, मोबाइल नंबर काळा, 'मु. पो.'पासून पिन कोडपर्यंत सगळं काळं. तिसऱ्या पानावर मात्र हे वाक्य जसंच्या तसं होतं: 'ती सध्या मावशीकडे, विठ्ठल मंदिरामागच्या बोळात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत राहते.'

पिनचे सहा आकडे झाकले आणि दार उघडं ठेवलं.

तिच्या नवऱ्याला पिन कोड कशाला हवा? मावशीच्या गावी तो जावई म्हणून जेवून आलेला आहे. ती तिथेच आहे, एवढंच त्याला कळायचं बाकी आहे. ही फाइल वीस जणांच्या मोबाइलवर जाणार होती. त्यातल्या एकाने ती पुढे पाठवली असती तर पुढचं मला लिहवत नाही. नोंद जुनी आहे, पण बाई अजून त्याच खोलीत राहते.

पत्ते आपोआप झाकणारी ही यंत्रं मला हवी आहेत. हजारो पानं हाताने झाकायला माणसं कुठून आणणार? पण ती बनवताना एक प्रश्न विचारलाच जात नाही: लपवायचं कोणापासून? आज ती अनोळखी माणसापासून लपवतात. ज्या बाईच्या जिवाला धोका आहे, तिला तो बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून असतो. ओळखीच्या माणसाला एक खूण पुरते.

आधार क्रमांक शोधणं सोपं आहे. बारा आकडे, शेवटचा पडताळणीचा. पॅनला दहा अक्षरं-आकड्यांचा ठरलेला साचा आहे. पत्त्याला साचा नाही. त्यातल्या त्यात साच्यात बसतो तो पिन कोड, म्हणून यंत्र आधी त्याच्यावर झडप घालतं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने, संस्कृतच्या पंडिताने, आखून दिली. एकाच नावाची अनेक गावं आणि पाकिटांवर नाना लिप्या, त्यामुळे टपाल चुकत असे. सहा आकड्यांनी ते पोस्टापर्यंत बिनचूक जाऊ लागलं. पोस्टापर्यंत, दारापर्यंत नाही. पोस्टापासून दारापर्यंत पोस्टमन नेत आला आहे, आणि तो नेतो तो गिरणी, देऊळ, पार आणि 'मावशीकडे' यांच्या जोरावर. म्हणजे यंत्र झाकतं तो पत्त्याचा सगळ्यात ढोबळ भाग, आणि दारापर्यंत नेणारा भाग सोडून देतं.

मराठीत तर त्याची आणखी फसगत होते. इंग्रजी अंक शोधायला सांगितलेला नियम देवनागरी ४११०३० वरून सरळ पुढे जातो. यादीत 'नाशिक' असतं, कागदावर 'नाशकात'. यादीत 'सातारा', कागदावर 'साताऱ्याहून'. 'पोलीस ठाणे' या शब्दांतलं ठाणे शहर समजून काळं होतं आणि 'ठाण्याला सासर' तसंच राहतं. आडनावातून गाव डोकावतं ते वेगळंच. चिपळूणकरांचं मूळ गाव कुठलं, हे शोधायला यंत्र लागत नाही.

पण या चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत. सामान्यरूपं शिकवा, देवनागरी अंक शिकवा. अवघड आहे ते पुढचं. इंग्रजीतून आलेला पत्ता फ्लॅट नंबर, इमारत, रस्ता असा एका ओळीत मांडलेला असतो. आपला बोलीतला पत्ता शब्दयोगी अव्ययांत राहतो. मागे, समोर, शेजारी, पलीकडे, वर, खाली. 'मंदिरामागच्या', 'गिरणीवरच्या', 'मावशीकडे'. या तीन शब्दांत एकही विशेषनाम नाही. गावांच्या आणि रस्त्यांच्या नावांवर पोसलेल्या यंत्राला तिथे पत्ता दिसणारच नाही. 'राहते', 'उतरली आहे', 'आश्रयाला आहे' ही क्रियापदं आली की यंत्राने थांबावं, वाक्यावर पिवळी खूण करून ते माणसापुढे ठेवावं. स्वतः निर्णय घेऊ नये. हे त्याला शिकवता येतं. त्यासाठी मराठी हकिकती वाचलेली माणसं लागतील, तलाठी कार्यालयात, पोस्टात, महिला केंद्रात काम केलेली. आणि नमुन्याला रचलेले पत्ते लागतील. खऱ्या बायकांचे खरे पत्ते गोळा करून यंत्राला गोपनीयता शिकवायची, असला प्रकार कोणी करू नये.

पत्ता म्हणजे फक्त पत्त्याची ओळ नव्हे, हे आपल्या कायद्याला कळलेलं आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्याचं २३वं कलम बातमीत लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी घालतं. त्यात नाव आणि पत्ता आहेच, शिवाय छायाचित्र, कुटुंबाचे तपशील, शाळा आणि शेजारपरिसरही आहे. शेजार! कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गिरणी होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फॉर्म होता.

आणि मास्क्ड आधारचं काय? पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार उघडे. लॉजच्या काउंटरवर झेरॉक्स देताना आपल्याला वाटतं, चला, माहिती राखली. त्याच कागदावर पूर्ण पत्ता छापलेला असतो, पिन कोडसकट. आकड्यांचा गैरवापर झाला तर बँकेत जाता येतं, तक्रार करता येते. घराचा झाला तर? एकट्या राहणाऱ्या मुलीला घर बदला म्हणून सांगणार? आकड्यांइतकीच काळजी घराची घ्या, एवढं मागणं फार नाही.

२०२० सालच्या जुलैत न्यू जर्सीत न्यायाधीश एस्थर सालस यांच्या दारात पार्सलवाला बनून एक जण आला. त्याने त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला, डॅनियलला, गोळ्या घालून मारलं, नवऱ्याला जखमी केलं. तो अनोळखी नव्हता. वकील होता, त्यांच्या न्यायालयात त्याचा खटला होता. त्यानंतर तिथे न्यायाधीश आणि पोलिसांच्या घरचे पत्ते मागणी केल्यावर काढून टाकायला लावणारा कायदा झाला, त्याच मुलाच्या नावाचा. योग्यच झालं. पण गिरणीवरच्या खोलीत राहणाऱ्या बाईला न्यायाधीशाइतकंच संरक्षण हवं आहे, आणि तिच्यासाठी मागणी करायला कोणी नाही.

आता काळ्या पट्टीबद्दल, कारण ही चूक रोज होते. पीडीएफवर काळा चौकोन काढला म्हणजे खालचा मजकूर गेला, असं नसतं. चौकोनावरून माउस फिरवा, कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा. सगळं वर येतं. जानेवारी २०१९मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचा एकेकाळचा प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट याच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदावर हेच झालं. पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी तेव्हाच उचलला. मजकूर फाइलमधून मुळातूनच काढावा लागतो. झाकलेलं पान छापून त्याचं पुन्हा स्कॅन काढलं तरी चालतं. वेळ लागतो, लागू दे.

आणि लिहायचंच कशाला, हाही प्रश्न विचारायला हवा. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२१मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांसाठी आदेश काढला, त्यात आदेशांमध्ये नावं, फोन, पत्ते घालूच नका असं सांगितलं. समुपदेशकाने 'नातेवाइकांकडे सुरक्षित आहे' एवढंच लिहिलं असतं तर नव्या कार्यकर्त्याचं शिक्षण काडीनेही कमी झालं नसतं. खोली नेमकी कुठे आहे, ते वेगळ्या कागदावर, कुलपात.

तिसऱ्या पानावरचं वाक्य मी काढलं. सातव्या पानावर 'गिरणीचा आवाज पहाटे सुरू होतो, मुलगी दचकून उठते' असं होतं. यंत्राला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, मलाही पहिल्यांदा दिसलं नाही. दुसऱ्या वाचनात 'गिरणीचा' काढलं. नवव्या पानाला मुलीच्या शाळेचा बोनाफाइड जोडलेला होता. नाव काळं, जन्मतारीख काळी. खाली उजव्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, थोडा फिसकटलेला, आणि त्यात गोलाकार अक्षरांत शाळेचं नाव आणि गाव. मी पान वळवून वळवून ते वाचलं. वाचता येत होतं. तोही काढला, आणि पहिल्या पानापासून तिसऱ्यांदा वाचायला बसले.