कांदा लावण्याआधी मतदानाची तारीख कळवा

प्रति,
मा. निवडणूक व्यवस्थापक,
सर्व राष्ट्रीय, प्रादेशिक, मूळ व फुटीर पक्ष

विषय : कांदा लागवडीसाठी निवडणुकीचा अंदाज वेळेवर मिळणेबाबत

महोदय,

निफाड तालुक्यातला एक कांदा उत्पादक आपणांस हे पत्र लिहीत आहे. पीक कसं घ्यावं, हे विचारायचं नाही. त्यासाठी राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे आणि मोबाइलवर हवामान खात्याचा सल्ला येतो. जमीन निचऱ्याची हवी, दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर, दोन रोपांत दहा. आभाळ आलं की करपा, थंडी लांबली की डेंगळे. हे सगळं तोंडपाठ आहे. दिल्लीचं हवामान तेवढं कोणी सांगत नाही, आणि आमचा भाव ठरतो तो त्यावरच.

२०२३ साल आठवा. चाळीतला उन्हाळ कांदा जरा भाव धरू लागला, तोच १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. तेव्हा राजस्थान आणि मध्य प्रदेशात प्रचार रंगात होता. लाल कांद्याची आवक वाढली आणि ८ डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी. ती ३१ मार्चपर्यंतच म्हणून सांगितली होती. मार्चमध्येच मुदत उठवून बेमुदत केली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. आमचा कांदा लाल, त्यामुळे तो बांधावरच.

मग ४ मे २०२४ ला बंदी उठली, किमान किंमत आणि शुल्क मात्र राहिलं. आमच्याकडे मतदान २० मे रोजी होतं. त्याआधी १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. तिथे एका तरुणाने ‘कांद्यावर बोला’ अशी हाक दिली आणि त्याला पोलिसांनी बाहेर नेलं. पुढे दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री लाखाहून अधिक मतांनी पडल्या. लगेच हवा बदलली. १३ सप्टेंबरला किमान किंमत गेली, शुल्क निम्मं झालं, आणि विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबरला. तोवर चाळी बऱ्याच रिकाम्या झाल्या होत्या, ही आमचीच घाई. उरलेलं २० टक्के शुल्क मात्र १ एप्रिल २०२५ पर्यंत टिकलं. मतदान उरकल्यावर घाई कसली?

यावरून आम्ही एक साधा नियम काढला आहे : मतदान दुसरीकडे असलं की आमचा भाव पडतो, आमच्याकडे आलं की बंदी उठते.

विरोधी बाकांवरच्या मंडळींनी एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. डिसेंबर २०१० मध्ये निर्यात थांबवली ती आपणच, सप्टेंबर २०११ मध्ये पुन्हा बंदी घातली तीही आपणच. आणि तेव्हा देशाचे कृषिमंत्री महाराष्ट्राचेच होते. सत्ता गेली की आपण गळ्यात कांद्याच्या माळा घालून विधान भवनाच्या पायऱ्यांवर बसता. १९९८ साली महाग कांद्याच्या गदारोळात दिल्लीतलं राज्य सरकार गेलं, तेव्हापासून सर्वांनी एकच धडा गिरवला आहे : खाणारा ओरडला तर सरकार पडतं, पिकवणारा ओरडला तर समिती नेमली जाते.

लासलगावच्या बाजारात एकदा येऊन पाहा. ट्रॅक्टर रांगेत लागतो, व्यापारी ट्रॉलीतले चार कांदे उचलतो, अंगठ्याने दाबतो, साल सोलून रंग बघतो, बोली फुटते आणि मिनिटभरात सहा महिन्यांचा निकाल चिठ्ठीवर लिहून मिळतो. आदल्या रात्री दिल्लीत अधिसूचना निघाली असेल तर त्या चिठ्ठीवरचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. कांदा तोच, वजन तेच. एक गंमत मात्र लक्षात राहते : जोड कांदा आम्ही निवडून बाजूला काढतो, कारण दुभागलेल्या मालाला भाव कमी मिळतो. आपल्याकडे दुभागल्यावर मंत्रिपद मिळतं.

तरी पुढील मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा :

१. उळं टाकण्याआधी येत्या वर्षातल्या सर्व राज्यांच्या मतदानाच्या तारखा कळवाव्यात. रोप तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, शेतात चार महिने आणि मग चाळ. आचारसंहितेएवढं चपळ पीक अजून कोणी शोधलेलं नाही.

२. निर्यातीबाबत काय ठरवायचं ते लागवडीपूर्वी ठरवा आणि तो माल विकेपर्यंत बदलू नका. कांदा नको असेल तर तसं सांगा, आम्ही मका लावू.

३. सरकारी राखीव साठ्याची खरेदी बाजार समितीच्या उघड्या लिलावात, इतरांसारखी बोली लावून करा. कांदा कोणाचा घेतला, हे आम्हालाही कळू द्या.

४. वरीलपैकी काहीच जमत नसेल, तर दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये, ऐन काढणीत, नाशिक जिल्ह्यात एखादी पोटनिवडणूक लावावी. उमेदवार आम्ही देऊ. राजीनामे तेवढे आपण द्या.

आपला,
एक कांदा उत्पादक व सात-बाऱ्याप्रमाणेच मतदार यादीतही नाव असलेला,
निफाड, जि. नाशिक