हॅपी अवर : रीतसर पार पाडण्याची पद्धत

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात, वांद्र्याच्या गल्ल्यांत किंवा कुलाब्याला, कॉकटेलसाठी नावाजलेल्या बारच्या दारात संध्याकाळी एक फळा उभा असतो. त्यावर खडूने लिहिलेले असते : 'चार ते आठ, वन प्लस वन'. फळा वाचून सरळ आत शिरणारे पुष्कळ असतात. आठ वाजून गेल्यावर पूर्ण दराचे बिल हातात धरून कॅप्टनशी हुज्जत घालणारेही बहुधा तेच असतात. ही सवलत पदरात पाडून घ्यायला दोन माणसे, एक घड्याळ, थोडे पाठांतर आणि कायद्याची जुजबी माहिती लागते. तिची रीत पुढे क्रमाने दिली आहे. 'मित्र' या शब्दात मैत्रीणही धरावी.

मित्राची निवड

सर्वांत जिवलग मित्र निवडू नये. तो कल्याणला राहतो, त्याचे ऑफिस अंधेरीला असते आणि 'बसू या का?' असा निरोप गेला की तो 'बघतो' म्हणतो. अशा मित्राकडे रविवारी जेवायला जावे. हॅपी अवरला लागणारा मित्र वेगळा. तो जिवलग नसला तरी चालेल, जवळ असला पाहिजे.

दुसरा निकष आवडीचा. 'वन प्लस वन'मध्ये बहुतेक ठिकाणी दुसरा ग्लास पहिल्याचाच जुळा भाऊ असतो. म्हणजे एकाला जिन, कंपारी आणि व्हर्मूथ समसमान घातलेली कडवट निग्रोनी हवी आणि दुसऱ्याला छत्री खोचलेली गोड पिना कोलाडा, तर वीस वर्षांची मैत्री असूनही ती दोघे व्यावहारिकदृष्ट्या परकी ठरतात. पेयावर एकमत होत नसेल तर चहाला जावे. तिथे एकात दोन कटिंग मागवता येतात आणि तक्रार कोणी करत नाही.

तिसरा निकष वयाचा, आणि तो सरकारने ठरवलेला आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात, त्याहून कडक मद्यासाठी २५. तेवीस वर्षांच्या मित्राला मतदान करता येते, लग्न करता येते, बिअर मागवता येते. व्होडका घातलेली कॉस्मोपॉलिटन मागवायला त्याने आणखी दोन वर्षे थांबायचे असते. राज्याची हद्द ओलांडली तर गोव्यात ही अट सरसकट २१ची आहे, पण हॅपी अवरसाठी पेडण्यापर्यंत जाणे हिशेबात बसत नाही.

कागदपत्रे

१९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने लागू आहे. नावावरून ध्यानात येईल की राज्यात दारूबंदीच आहे. पिणारा जो पितो तो परवान्याच्या अपवादाखाली पितो. परमिट रूम ही पाटी त्यातूनच आली. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, वर्षाचा शंभराचा आणि आजीवन परवाना हजाराचा. बारमध्ये बसलेल्या शंभरांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हे विचारण्याची जागा बार नव्हे.

अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार १९३३चा. शहरातला पहिला परवानाधारक बार आपलाच, असे हॉटेल सांगते. पुढे सतरा वर्षांत मोरारजी देसाईंच्या काळात सगळ्या प्रांतात दारूबंदी आली आणि पिणारे आंटीच्या अड्ड्यावर गेले. तिथे वेळेची सवलत नव्हती, पोलिसांची वेळ तेवढी पाळावी लागे. हा इतिहास दोन-तीन वाक्यांत पाठ असावा. तो पुढे उपयोगी पडतो, कारण मित्र उशिरा येणार आहे.

वाट पाहण्याचा अभ्यास

आधी पोचणाऱ्याने टेबल अडवू नये, बारसमोरच्या उंच स्टुलावर बसावे आणि बारटेंडरशी बोलावे. विषय हॅपी अवरचाच काढावा. १९१३च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या 'यूएसएस आर्कान्सॉ' या युद्धनौकेवर खलाशांचा वेळ जावा म्हणून करमणुकीच्या बैठका सुरू झाल्या. त्यांना हे नाव मिळाले आणि पहिले महायुद्ध संपेपर्यंत प्रथा इतर जहाजांवर पसरली. मुष्टियुद्ध, कुस्ती, गाणे, नाच, चित्रपट असा कार्यक्रम असे. १ जुलै १९१४पासून अमेरिकी नौदलाने जहाजांवर मद्याला मनाईच केली. तात्पर्य, पहिल्या हॅपी अवरच्या काळात कुस्ती मिळत होती आणि पेग मिळत नव्हता.

बारटेंडर अजून ऐकत असेल तर पुढचा भाग सांगावा. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४मध्ये हॅपी अवरवर बंदी घातली, आयर्लंडने २००३मध्ये. इलिनॉय राज्याने १९८९मध्ये घातलेली बंदी २०१५मध्ये उठवली. घाईघाईने प्यायले जाते आणि मग तेच लोक गाडी चालवतात, हे बंदीचे कारण. हा भाग बारटेंडरला सांगावा. मालक गल्ल्यावर बसलेला असेल तर आवाज कमी ठेवावा.

घड्याळ

मित्राच्या निरोपांचा अर्थ लावायला शिकावे. 'निघतोय' म्हणजे तो खुर्चीत आहे. 'निघालो' म्हणजे उठला आहे. 'दादरला आहे' म्हणजे घाटकोपर गेले असावे. ठाण्याकडून फास्ट लोकलने येणाऱ्या मित्राला हे आधीच बजावावे की लोअर परळजवळच्या करी रोडला फक्त स्लो गाड्या थांबतात. दादरला न बदलता तो बसून राहिला तर थेट भायखळ्याला उतरेल आणि तिथून उलट येईल. या एका चुकीची किंमत वीस मिनिटे, म्हणजे हॅपी अवरच्या भाषेत दोन ग्लास.

आठची वेळ कशाची, हे समजणे सर्वांत महत्त्वाचे. वेटरने मान डोलावली ती वेळ धरत नाहीत. ग्लास टेबलावर आला ती वेळही धरत नाहीत. वेटर मशीनमध्ये ऑर्डर पंच करतो तेव्हा जी चिठ्ठी निघते तिच्यावरचे आकडे खरे. म्हणून पावणेआठ वाजता 'कॅप्टन, लास्ट ऑर्डर घ्या' असे स्वतःच म्हणावे आणि तो यंत्राकडे चालत जाईपर्यंत त्याच्या पाठीकडे पाहत राहावे. वाटेत त्याला दुसऱ्या टेबलाने हाक मारली, तर ते टेबल शत्रुपक्षात धरावे.

काय मागवावे

फळ्यावरच्या 'वन प्लस वन'शेजारी एक बारीक चांदणी असते. ती जिकडे बोट दाखवते तिथे, मेन्यूच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेले असते की सवलत निवडक पेयांवरच आहे. ज्या पेयाचे फोटो पाहून माणूस आला ते त्या निवडीत नसते. बारटेंडरने स्वतः मुरवलेले, धुरकट काचेच्या घुमटाखाली येणारे सिग्नेचर कॉकटेल सगळा दिवस पूर्ण दराचे असते.

निवडीत हमखास असते ते लाँग आयलंड आइस्ड टी. त्यात चहा नसतो. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीप्रमाणे व्होडका, टकीला, पांढरी रम, जिन आणि क्वांत्रो प्रत्येकी १५ मिलिलिटर, वर लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि रंगापुरता कोला. पाच पंधरे पंचाहत्तर. आपल्याकडचा छोटा पेग ३० मिलिलिटरचा, तेव्हा उंच ग्लासात, स्ट्रॉसकट, निरागस चेहऱ्याने आलेले हे अडीच पेग असतात. शुद्ध अल्कोहोलचा हिशेब केला तर २३-२४ ग्रॅम. निरोगी प्रौढाचे यकृत तासाला साधारण ८ ते १० ग्रॅम निपटते. सातला सुरुवात करून दोन ग्लास संपवले तर बारचा हॅपी अवर आठला मिटतो आणि यकृताचा रात्री पावणेबारा ते एकच्या दरम्यान. यकृताला वन प्लस वन लागू नाही.

आता बर्फ. शेक करून दिलेल्या कॉकटेलमध्ये पाव भागाच्या आसपास वितळलेल्या बर्फाचे पाणी असते आणि ते मुद्दाम तेवढेच राखलेले असते; बारटेंडरचे मनगट त्यासाठीच हलते. पण दोन्ही ग्लास एकदम टेबलावर आले की दुसरा तसाच उभा राहतो आणि वीस मिनिटांत लिंबू-पाण्याकडे झुकतो. यावर उपाय आहे. ऑर्डर आठच्या आत पंच करून घ्यावी आणि 'दुसरा सांगू तेव्हा बनवा' असे नम्रपणे म्हणावे. पुष्कळ ठिकाणी ऐकतात. 'बॉस' म्हणून हाक मारली तर लवकर ऐकतात.

खारे शेंगदाणे फुकट आले तर बारचे औदार्य मानू नये. मिठाने तहान लागते आणि तहान पाण्याने भागवायची हे त्या क्षणी कोणाला सुचत नाही. चकण्याआधी पोटात काहीतरी भरीव असावे. स्टेशनबाहेरचा वडापाव याबाबतीत कोणत्याही स्टार्टरच्या तोडीस तोड आहे, आणि त्यावर सूट मागावी लागत नाही.

सूट नेमकी कशावर

दारूवर सूट मिळते, हा समज आधी सोडावा. जून २०२५मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. परवान्याचे शुल्कही वाढले होते. 'आहार' या हॉटेलचालकांच्या संघटनेच्या हाकेवरून १४ जुलैला बार बंद राहिले. अशा दिवसांत बाटली स्वस्त होण्याचे कारण नाही.

स्वस्त होते ती खुर्ची. परवान्याचे शुल्क वर्षाचे, भाडे महिन्याचे, बारटेंडरचा पगारही महिन्याचा. दुपारी चारला बार रिकामा असला म्हणून यांतले काही कमी होत नाही. आठनंतर हीच खुर्ची पूर्ण दरात जाते, तेव्हा त्याआधीच्या चार तासांत जे येईल ते बरे, असा हा व्यवहार. मुंबईतल्या 'द बार स्टॉक एक्स्चेंज'ने तो उघडच मांडला. तिथे शेअर बाजारासारखे पडद्यावर पेयांचे दर मागणीप्रमाणे चढतात-उतरतात आणि अधूनमधून बाजार कोसळल्याची घंटा होते. इतर बार दिवसातून एकदाच, आठ वाजता, बाजार वर नेतात. ग्राहकाने म्हणून वेळेकडे पाहावे; पेला भरलेला आहे की नाही हे बारवाले पाहतातच.

बिल

समजा कॉकटेल ७०० रुपयांचे. दोघांनी मिळून एक मागवले, सोबतचा दुसरा ग्लास मित्राने घेतला आणि दोघे उठले, तर मूल्यवर्धित करासह ७७० रुपये, माणशी ३८५. हा या पद्धतीचा आदर्श आहे. आदर्श गाठल्याची उदाहरणे विरळ, कारण पहिला ग्लास अर्धा होताच दोघांपैकी एक जण हवेत बोट फिरवून 'रिपीट' म्हणतो. शिवाय कोळंबी कोळीवाडा पूर्ण दराची असते.

बिलात दोन कर दिसले की दचकू नये. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. परमिट रूममध्ये तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. २०२३मध्ये तो ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. खाण्यावर साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के जीएसटी, तोही अडीच-अडीच असा दोन ओळींत. तिसरी ओळ सेवा शुल्काची असेल तर ती ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. ओळ काढायला सांगावी आणि वेटरने ग्लास वेळेवर आणला असेल तर तेवढेच पैसे त्याच्या हातात ठेवावेत.

वाटणी टीटीएमएम. न पिणाऱ्या मित्राचा फ्रेश लाइम सोडा वन प्लस वनमध्ये बसत नाही, पूर्ण दराचा असतो. अशा मित्राकडून निम्मे पैसे घेणाऱ्याला पुढच्या वेळी एकट्यानेच दोन ग्लास संपवावे लागतात.

परतणे आणि पुढची तारीख

गाडी आणू नये, आणली असेल तर तिथेच ठेवावी. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सवलतीत वाचलेले ३८५ रुपये त्यापुढे टिकत नाहीत. आठला उठणाऱ्याला लोकल भरपूर असतात, आणि त्या वेळी खाली जाणाऱ्या गाडीत उभे राहायला जागा मिळाली तर मिळते.

पुढची तारीख तिथल्या तिथे ठरवावी. २ ऑक्टोबर टाळावी. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही टाळावा. मित्राचा साहेब न्यूयॉर्कला बसत असेल तर ऋतू पाहावा. तिथे उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत साडेसहा झालेले असतात आणि मित्र नेमका दार ढकलत असताना त्याची मीटिंग लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळे तासभर मागे जातात, मग तीच मीटिंग साडेसातला येते. तेवढ्यात एक फेरी होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुन्हा पुढे जातात, त्याआधीची तारीख घ्यावी.