सामान्यज्ञान : स्वरूप, व्याप्ती व वादावादी

शनिवारी रात्री साडेनऊला चार शहरांतले सात-आठ शाळूसोबती आपापल्या पडद्यासमोर बसतात आणि नोकरी लागल्यापासून कुणालाच न लागलेली माहिती एकमेकांना विचारतात. या प्रकाराला ऑनलाइन प्रश्नमंजूषा म्हणतात. बोलीभाषेत क्विझ. मैदानी खेळांची जागा या खेळाने घेतली, असा आरोप होतो तो खरा नाही. ती जागा गुडघ्यांनी आधीच रिकामी करून ठेवली होती.

भारतात या छंदाला बरी परंपरा आहे. नील ओब्रायन यांनी 1967 साली कोलकात्यात खुली क्विझ घेतली, 1985 मध्ये सिद्धार्थ बसूंनी ती दूरदर्शनवर आणली आणि 3 जुलै 2000 रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले. पहिला कोटी जिंकला तो मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेने. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात किमान एक गृहस्थ असा आढळतो, की ज्याला तोही प्रश्न येत होता. फक्त त्याचा फोन लागला नाही. 2020 च्या टाळेबंदीत या सर्व गृहस्थांना एकाच वेळी फुरसत मिळाली आणि फोनही लागले.

खेळाला एक प्रश्नकर्ता लागतो. प्रश्न त्याने काढलेले असल्यामुळे उत्तरे त्याला येतात, आणि तेवढ्या बळावर तो तासभर विद्वान असतो. एक मित्र न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे उन्हाळ्यात त्या वेळी दुपारचे बारा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात अकरा, त्यामुळे नोव्हेंबरात घड्याळे बदलली की तो पहिल्या शनिवारी चुकीच्या वेळी उगवतो आणि खापर भारतावर फोडतो. एकाचा कॅमेरा कायम बंद असतो. नेट कमी आहे म्हणतो, पण त्याच्या बाजूने टंकलेखनाचा आवाज येतो आणि पाठोपाठ अचूक उत्तर. ‘हेच सांगणार होतो’ म्हणणारा प्रत्येक गटात असतोच. त्याच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

गुणदानासाठी बहुधा ‘कहूट’ वापरतात. हे नॉर्वेचे अपत्य 2013 साली खुले झाले, आणि ते वर्गातल्या पोरांसाठी होते. त्यात बरोबर उत्तराला 1000 पर्यंत गुण मिळतात. मात्र घड्याळ चालू असते आणि तेच बरोबर उत्तर शेवटच्या क्षणी दिले तर जेमतेम 500 हाती लागतात. म्हणजे विचार करण्याचा दंड पन्नास टक्के. पुण्याच्या खेळाडूचे यात कायम नुकसान होते. तो आधी प्रश्नातले ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, मग चारही पर्याय सदोष असल्याचे जाहीर करतो. तोवर वीस सेकंद संपलेले असतात. चाळिशी पुसण्यात गेलेल्या वेळेची भरपाई या पद्धतीत नाही.

आता मुख्य भाग, म्हणजे वाद. खेळ त्यासाठीच असतो. प्रश्न हे निमित्त.

महाराष्ट्रात जिल्हे किती, हा वरकरणी निरुपद्रवी प्रश्न घ्यावा. 1960 साली राज्य झाले तेव्हा 26 होते. 1981-82 मध्ये सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली आले आणि 30 झाले. 1990 मध्ये मुंबई उपनगर मिळून 31. 1998 मध्ये नंदुरबार आणि वाशीम, 1999 मध्ये हिंगोली आणि गोंदिया, म्हणजे 35. आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर धरून 36. गटात मात्र 30, 31 आणि 35 ही तीन उत्तरे सारख्याच छातीठोकपणे येतात. ज्याने ज्या साली भूगोलाचे पुस्तक मिटले, त्या सालचा महाराष्ट्र त्याच्याजवळ जसाच्या तसा जपलेला असतो. वय लपवणाऱ्या माणसाने या प्रश्नाच्या वाटेला जाऊ नये.

हीच गत ग्रहांची. प्लूटोला 2006 साली ग्रहांच्या पंगतीतून उठवले, पण नऊ ग्रह पाठ करताना छडी खाल्लेला माणूस तो निर्णय मान्य करत नाही; आठच असतील तर ती छडी कशासाठी खाल्ली, असा त्याचा सवाल असतो. शनीचे चंद्र 2025 च्या मार्चमध्ये एका दमात 128 ने वाढून 274 झाले. यावर ‘आमच्या वेळी एवढे नव्हते’ अशी तक्रार येते, जणू शनीने परवानगीविना मजले चढवले. कझाकस्तानची राजधानी 2019 मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि 2022 मध्ये पुन्हा अस्ताना. त्यामुळे मधली तीन वर्षे ज्याने काहीच वाचले नाही, तोच बरोबर ठरला. आळसाला असा न्याय क्वचित मिळतो.

हॉकी हा राष्ट्रीय खेळ, हे उत्तर तर सर्वांनाच येते आणि सर्वांचेच चुकते. लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारले, तेव्हा 2012 साली सरकारनेच कळवले की असा कोणताही खेळ जाहीर केलेला नाही. ही बातमी सांगितल्यावर गटात काही क्षण शांतता पसरते. मग नागपूरचा मित्र विचारतो, ‘‘मग पुस्तकात कोणी छापलं बे?’’

पहिला भारतीय चित्रपट हा प्रश्न जाणत्या गटात विचारत नाहीत. फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच चित्रपटगृहात त्याच्या जवळपास वर्षभर आधी, 18 मे 1912 रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ लागला होता. फाळकेपक्ष म्हणतो की ते तर नाटकच, कॅमेऱ्यासमोर केलेले. छायाचित्रकार इंग्रज, फिल्म धुतली विलायतेत. तोरणेपक्ष म्हणतो, तारीख वाच. दोन्ही दादासाहेब, दोन्ही मराठी, थिएटरही एकच. एवढी सोय असताना वाद मिटवणे हा करंटेपणा ठरेल.

निवाड्यासाठी विकिपीडिया उघडतात. ‘त्यात कुणीही काहीही लिहितं’ हे वाक्य येथे हरणारा म्हणतो. पुढच्या फेरीत तो जिंकत असेल, तर तोच त्यातून वाचून दाखवतो. फुकटच्या झूम खात्यावर बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते, आणि ती नेमकी अशा वेळी पडते. नवी लिंक येईपर्यंत दोन्ही पक्ष पुरावे गोळा करतात. वर्गणी काढून पैसे भरायचे, हा ठराव पहिल्याच महिन्यात एकमताने मंजूर झालेला असतो. वर्गणी अजून निघालेली नाही.

निकालाबाबत थोडी अडचण आहे. जिल्ह्यांवरून रण पेटलेले असताना प्रश्नकर्त्याच्या मागून, पाण्याची बाटली न्यायला आलेल्या त्याच्या नववीतल्या मुलीचा आवाज येतो, ‘‘छत्तीस ना, बाबा!’’ ग्रहही ती आठच सांगते. तिचे पुस्तक अजून मिटलेले नसते. त्यानंतर नियमावलीत दुरुस्ती होऊन खेळाडूंच्या खोलीत शाळेत जाणाऱ्या मुलांना प्रवेशबंदी होते, आणि पुढच्या शनिवारचा विषय ठरतो जुनी हिंदी गाणी. त्यांची संख्या आता वाढत नाही.