मान डोलावण्याचे चार आठवडे

एमबीबीएसचा विद्यार्थी चार आठवड्यांच्या देवाणघेवाणीवर परदेशी निघतो तेव्हा आईवडील, कॉलेजचा सूचनाफलक आणि खुद्द विद्यार्थी या तिघांचीही समजूत असते, की स्वारी तिकडे वैद्यकशास्त्र शिकायला चालली आहे. ही समजूत हिशेबात टिकत नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर वर्षभराची इंटर्नशिप, या ताटात चार आठवडे म्हणजे डावीकडची चटणी. त्यातून शनिवार-रविवार वजा करा, कारण मुक्काम इटलीतल्या पादुआला असेल तर व्हेनिस रेल्वेने अर्ध्या तासावर आहे आणि मोहाला लस निघालेली नाही. उरलेल्या वीस दिवसांत जेवढं वैद्यक शिकता येईल, त्याहून जास्त आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या एका पोस्टिंगमध्ये, सरांचा ओरडा खात, फुकटात शिकता येतं. तरीही ही वारी घडावी असं माझं म्हणणं आहे. डॉक्टर व्हायला इथेच पुष्कळ वाव आहे. परदेशी गेलेला विद्यार्थी पेशंट होतो, आणि नेमका हाच विषय अभ्यासक्रमात नाही.

उपचार घरापासूनच सुरू होतात. युरोपच्या शेंगेन व्हिसाचं केंद्र ही जगातली सर्वांत शिस्तशीर ओपीडी. इथेही टोकन असतं, इथेही नंबर पुकारला जाईपर्यंत छातीशी फाइल धरून बसायचं असतं आणि इथेही खिडकीपलीकडचा माणूस आपल्या चेहऱ्याकडे न बघता कागदाकडे बघतो. दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. किमान तीस हजार युरोचा आरोग्यविमा दाखवावा लागतो. पोटदुखीच्या पेशंटला आधी रक्त, मग सोनोग्राफी आणि मग ‘मागचे रिपोर्ट कुठेत?’ अशी वाट दाखवणारा आपला भावी डॉक्टर इथे बँकेचं स्टेटमेंट विसरतो आणि पुढच्या तारखेला येतो. ‘पण मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही,’ हे वाक्य त्याने वॉर्डात शेकडो वेळा ऐकलेलं असतं. ते स्वतःच्या तोंडून येताना तो पहिल्यांदा ऐकतो. शेवटी बारीक टायपातला फॉर्म न वाचता सही करतो. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर लोक न वाचता सही का करतात, याचं उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या क्षणी त्याला नीट कळावं.

पादुआच निवडायचं कारण असं, की या वारीचा तो जुना घाट आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ कोपनहेगनमध्ये १९५१ साली स्थापन झाला आणि आजची अदलाबदल त्याच्या छत्राखाली चालते; पण पादुआचं विद्यापीठ १२२२ पासूनचं, आणि परदेशी विद्यार्थी तिथे शतकानुशतकं येत आले. फॅब्रिशियस या शरीररचनेच्या प्राध्यापकाच्या काळात, १५९५ साली, तिथे उभं राहिलेलं शवविच्छेदनाचं सभागृह आजही पाहता येतं: तळाशी मृतदेहाची जागा आणि भोवती लाकडी कठड्यांच्या सहा अंडाकृती रांगा. बसायची सोय नाही. म्हणजे राऊंडला पंधरा डोक्यांच्या मागे टाचा उंचावून उभं राहायचं आणि सरांचं फक्त टक्कल बघून घरी जायचं, ही परंपरा चांगलीच जुनी आहे. विल्यम हार्वे हा इंग्रज विद्यार्थी इथूनच १६०२ साली पदवी घेऊन गेला. शिरांमधल्या झडपा फॅब्रिशियसने दाखवल्या. त्या रक्त एकाच दिशेला, हृदयाकडे, जाऊ देतात याचा अर्थ हार्वेने लावला आणि रक्ताभिसरणावरचं पुस्तक १६२८ साली छापलं. यावर कुणी म्हणेल, बघा, परदेशी गेल्यानेच शोध लागतात! जरा थांबा. हार्वे तिथे काही वर्षं राहिला आणि त्याला लॅटिन येत होतं. त्या लॅटिनमुळे सगळ्या देशांचे डॉक्टर एकमेकांना कळत आणि कुठल्याच देशातल्या पेशंटला कळत नसत. ही व्यवस्था आपण इंग्रजीत अजून सांभाळून ठेवली आहे.

आजच्या पाहुण्याजवळ लॅटिन नाही आणि वॉर्डातलं कामकाज इटालियनमध्ये. प्राध्यापक खाटेजवळ तीन मिनिटं रसाळ बोलतात, हातवारे करतात, एकदा हसतातही. सोबतचा स्थानिक विद्यार्थी त्याचं भाषांतर करतो, ‘लिव्हर.’ पाहुणा मान डोलावतो. ‘समजलं ना?’ या अर्थाचं काहीतरी विचारलं जातं, तो पुन्हा डोलावतो. हीच मान आपल्या ओपीडीत रोज डोलते. आजी पाच मिनिटं सुनेपासून गुडघ्यापर्यंतची हकीगत सांगते आणि केस पेपरवर उमटतं, ‘सांधेदुखी, दोन महिने’. मग डॉक्टर इंग्रजीत काही पुटपुटतात आणि आजी मान डोलावते. कळलं म्हणून नव्हे, मागे रांग आहे म्हणून. शब्दांचं तर विचारूच नका. पेशंटला नात्याने हाक मारायची आपली प्रेमळ सवय तिकडे महागात पडते, कारण लहान मुलांच्या इटालियनमध्ये ‘काक्का’ म्हणजे शी. वॉर्डात एखाद्या वयस्क गृहस्थांना आदराने ‘काका’ म्हणणाऱ्याने पुढचा खुलासा कोणत्या भाषेत करायचा? बरं, ‘सी’ म्हणजे हो. म्हणजे इकडची शी तिकडे काका आणि तिकडचा होकार इकडे शी.

आता आक्षेप. पहिला असा, की हे एप्रन घालून केलेलं पर्यटन आहे. काही अंशी आहेच. पण पर्यटकाला कुणी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारत नाही. इथे विचारतात, आणि उत्तर ठाऊक असूनही देता येत नाही. हुशार माणसाला काही काळ मठ्ठ दिसण्याची सोय दुसरीकडे सहज मिळत नाही. शिवाय तो ऐकायला लागतो. वाऱ्याची झुळूक मानेला लागली की माणूस आजारी पडतो, असं पुष्कळ इटालियन लोक मनापासून मानतात आणि त्याला त्यांच्याकडे खास नाव आहे, ‘कोल्पो दारिया’. ‘वारं लागलं’ म्हणणाऱ्या स्वतःच्या आजीला हसणारा विद्यार्थी हेच तिथे वहीत टिपून घेतो. परक्याचं ऐकताना आपण जेवढे नम्र असतो, त्याच्या निम्मे घरच्या पेशंटपुढे झालो तरी पुष्कळ.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: हा खर्च कुणाला झेपतो? यजमान राहायची सोय आणि दिवसाला एखादं जेवण देतात, पण विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा आपल्याच खिशातून. खरं आहे, आणि त्यावर माझ्याजवळ खोटं उत्तर नाही. पण माझं म्हणणं खरं असेल, तर पादुआ अनिवार्य ठरत नाही. पुण्या-मुंबईचा विद्यार्थी गडचिरोलीत भामरागडला माडिया बोलणाऱ्यांत किंवा नंदुरबारला अक्कलकुव्याच्या पाड्यांवर चार आठवडे राहिला, तर त्याची मान तितकीच डोलेल, आणि व्हिसा लागणार नाही. फरक एवढाच, की तिथे भाषा न येणं ही आपली उणीव आहे हे आपल्याला सुचत नाही; ती समोरच्याची वाटते. इटलीत असा गैरसमज करून घ्यायची सोय नसते. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी पादुआला जावं, आणि कॉलेजांनी सगळ्यांनाच भामरागडला पाठवावं.

परतल्यावर विद्यार्थ्याला सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्याला किती वेळा काही कळलं नाही, याची नोंद त्यावर नसते. ती तपासायचं काम वाचकहो, तुमच्याकडे. पुढच्या वेळी एखादा तरुण डॉक्टर घाईत ‘समजलं ना?’ म्हणाला, तर मान डोलावू नका. ‘नाही, पुन्हा सांगा,’ म्हणा. ज्याने खुर्ची पुढे ओढली, तो कुठेतरी जाऊन आलेला आहे.