आमदारांची सीट आणि बारा फुटांची जागा

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर माणसात पहिला बदल होतो तो हा, की तो पुण्यवान होतो. आम्ही याच जमातीतले, तेव्हा हे घरचं प्रमाणपत्र समजा. पेट्रोलवाल्या सहकाऱ्याकडे आम्ही करुणेने पाहतो, लिफ्टमध्ये हवामानबदलावर बोलतो, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये फुकट विजेचा चार्जर दिसला की त्या पुण्याचं व्याज वसूल करायला निघतो. चार्जरांच्या रांगेत एक जागा इतरांपेक्षा ऐसपैस असते. उदाहरण म्हणून कॅलिफोर्निया घेऊ: तिथल्या बांधकाम नियमांनुसार तिची रुंदी किमान १२ फूट, शिवाय शेजारी ५ फुटांचा, पट्टे मारलेला मोकळा भाग. बाकीच्या जागा साधारण ९ फुटांच्या. व्हॅनचा रॅम्प टाकता यावा, व्हीलचेअर उतरवून वळवता यावी, दार पुरतं उघडावं, यासाठी ही रुंदी. आम्हाला मात्र तिथे एकच गोष्ट दिसते: शेजारच्याचं दार आपल्या नव्या गाडीला लागणार नाही. पृथ्वी वाचवणाऱ्याच्या रंगावर ओरखडा पडू नये, ही निसर्गाचीच इच्छा असणार.

कायदाही आमच्या मदतीला येतो. एका ठिकाणी चार किंवा त्याहून कमी चार्जर असतील, तर कॅलिफोर्नियात त्यांतली एक जागा रुंद हवी. पण तिच्यावर व्हीलचेअरची निळी पाटी लावायची सक्ती नाही. म्हणजे ती कोणीही वापरू शकतो. पाच ते पंचवीस चार्जर झाले की रुंद जागेवर पाटी येते, आणि मग गाडीत अपंगत्वाचं परवानापत्र, म्हणजे प्लॅकार्ड, किंवा तशी नंबरप्लेट नसेल तर तिथे थांबता येत नाही. लहान ऑफिसांपुरता कायद्याने हा प्रश्न आमच्या सभ्यतेवर सोडला आहे, आणि हा विश्वास धाडसी आहे. माझं म्हणणं असं, की गरज नसलेल्याने ही जागा सर्वांत शेवटी घ्यावी आणि सर्वांत आधी सोडावी. पाटी नसली तरी, आणि गरजू कोणी दिसत नसला तरी. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत अपंगांसाठीच्या सुविधांचे निकष ठरवणाऱ्या अ‍ॅक्सेस बोर्डाने २०२२च्या मार्गदर्शनात अशा जागेवर ‘शेवटी वापरा’ असं लिहिण्याचा पर्याय सुचवला आहे. त्या निळ्या पाटीवरचं चित्र १९६८मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढलं, तेव्हा खुर्चीवरच्या आकृतीला डोकं नव्हतं. कार्ल मॉन्टान यांनी नंतर एक गोल काढून ते बसवलं. पाटीसमोर गाडी आणून लावणाऱ्याच्या डोक्याची सोय मात्र तेव्हा राहून गेली.

आता थोडं एसटीकडे वळू. मराठी माणसाची राखीव जागेची समज तिथेच घडली आहे, त्यामुळे हे विषयांतर टाळता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर टाळायची इच्छाही नाही. लाल डब्यात रंगाने लिहिलेलं असे: आमदार-खासदारांसाठी राखीव. ते वाचत आपल्या पिढ्या वाढल्या, आणि त्याच सीटवर बिनघोर बसून वाढल्या. कारण आमदार एसटीने येत नसत. आमदार एसटीला ओलांडून, धूळ उडवत पुढे जात. फाट्यावर हात दाखवून गाडी थांबवणारा आणि ‘उठा, ही माझी’ म्हणणारा आमदार कोणी पाहिला असेल, तर त्याने जरूर पुढे यावं. त्या सीटवर लोकांनी भाकरी सोडली, कोंबड्या ठेवल्या, सोयरिकी जुळवल्या. लोकशाहीचं काही बिघडलं नाही. त्यातून आपण धडा घेतला, की राखीव म्हणजे भिंतीवरची रंगरंगोटी. पंचाईत अशी, की त्याच गाडीत ‘अपंगांसाठी’ असंही लिहिलेलं असे, आणि तिथेही आपण हाच धडा लावला. आमदार येत नव्हते, पण कुबड्या घेतलेला माणूस येत होता. तो चढला की बसलेला प्रवासी चुळबुळत का होईना उठे, कारण कंडक्टर दरडावे आणि अख्खी गाडी पाहत असे. एसटीची ही मोठी सोय होती: जागा बळकावणारा जागेवरच सापडे. खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यालाही निदान धावत आत येऊन रुमालावर बसावं लागे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये मात्र गाडीची बॅटरी दहा वाजता भरते, केबल संध्याकाळपर्यंत रुमालासारखी खोचलेली राहते, मालक चौथ्या मजल्यावर असतो आणि त्याचा फोन सायलेंटवर. गाडी काही ‘या काका, बसा’ म्हणून उठत नाही.

ती रुंद जागा सोडून ठेवा म्हटलं, की पहिला आक्षेप ठरलेला: ‘आमच्या ऑफिसात तसं कोणी नाहीच.’ हे कोणी मोजलं? भारताच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि त्यांतले कित्येक लांबून पाहून कळत नाहीत. थॅलेसेमिया कपाळावर लिहिलेला नसतो. आणि समजा, खरोखरच कोणी दिसत नाही. तर जागा रोज भरलेली असते म्हणूनही कोणी दिसत नसेल. जो दोनदा येऊन परत गेला, त्याने इलेक्ट्रिक गाडीचा नाद सोडला असेल, किंवा ऑफिसचा. दाराशी उभं राहून ‘आत कोणी येत नाही’ अशी तक्रार करण्यातला हा प्रकार आहे. ‘दिसत नाही’चा आणखी एक अवतार म्हणजे स्वयंनियुक्त पहारेकरी. प्लॅकार्ड लावून आलेली बाई दोन पायांवर चालत गेली, की हे कुजबुजतात, ‘हिला काय झालंय?’ तिला काय झालंय ते तिच्या डॉक्टरने पाहिलं आहे. पार्किंगमध्ये फेरतपासणीची सोय नको.

दुसरा आक्षेप हिशेबी आहे: रिकामा चार्जर म्हणजे वाया गेलेला चार्जर. हिशेबच करू. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर धरलं, तर गाडी साधारण ६-७ युनिट वीज खाते. ऑफिसातला ७ किलोवॉटचा चार्जर ती तासाभरात भरून देतो. उरलेले आठ तास गाडी तिथे काय करते? शोभा वाढवते. एकेका चार्जरवर चार गाड्यांनी तासा-दीड तासाने जागा बदलली, तर तीन चार्जर दिवसभरात डझनभर गाड्यांना पुरतात आणि चौथ्या, रुंद जागेतल्या चार्जरला हातही लावावा लागत नाही. टंचाई चार्जरची नाही, खुर्चीतून उठण्याची आहे. आणि हे सगळं कशासाठी? कॅलिफोर्नियाच्या महाग विजेतही घरी भरले असते तर जेमतेम दोन-अडीच डॉलर. तेवढ्यात तिथे धड कॉफीही मिळत नाही. लाखांची गाडी घेतलेला माणूस या रकमेसाठी सकाळी सातला ऑफिसात पोहोचतो आणि वरिष्ठांना वाटतं, कामाची ओढ.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आहे, म्हणून सर्वांत जास्त खुपतो: ‘त्यांनी नुसता मेसेज करावा, मी लगेच गाडी हलवीन.’ मनापासून बोललेलं वाक्य आहे. पण त्याचा अर्थ असा, की नऊ फुटांच्या कुठल्याही जागेत ज्याचं भागतं तो वर मीटिंगमध्ये बसणार, आणि ज्याचं एकाच जागेत भागतं त्याने खाली गाडीत बसून विनंती टाइप करायची. आज, उद्या, परवा. दर वेळी ‘प्लीज’, दर वेळी ‘सॉरी टु डिस्टर्ब’, आणि वर ‘थँक्यू’. ती रुंद जागा आखली ती याचसाठी, की कोणाला रोज सकाळी आपलं अपंगत्व कळवून दिवस सुरू करावा लागू नये. उपकार करण्याची आमची तयारी मोठी आहे हे मान्य. त्यांना उपकार नको आहेत, गाडी लावायची आहे.

न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्लॅकार्ड आहे म्हणून पेट्रोलची गाडी चार्जरसमोर लावणं किंवा बॅटरी भरल्यावर दिवसभर तिथेच राहणं, हेही बरोबर नाही. ही जागा मुळात चार्जिंगची. कॅलिफोर्नियाचे बांधकाम नियम तिला पार्किंगची जागा मानतच नाहीत. आणि केबल? ती हुकवर परत टांगायची. जमिनीवर पडलेली जाड केबल आम्ही एका पावलात ओलांडतो. व्हीलचेअरला तो उंबरठा होतो.

इकडे आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहितेने प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत ३.६ मीटर रुंदीच्या जागा सांगितल्या आहेत, आणि केंद्राच्या आदर्श बांधकाम उपविधींनी २०१९मध्ये पार्किंगच्या २० टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय करायला सांगितलं. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या तळघरांत हिरव्या पाट्यांच्या गाड्या वाढत चालल्या आहेत. तेव्हा तिथल्या चार्जरचं काम ज्यांच्याकडे असेल त्यांना विनंती: एक चार्जर त्या रुंद जागेत बसवा, त्याची स्क्रीन बसल्या जागेवरून हात पोहोचेल इतकी खाली ठेवा, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘आधी बाकीचे वापरा’. आमदारांचा उल्लेख केला नाही तरी चालेल.