रॉकेटवाले साडू

आमचे साडू रॉकेटवाले आहेत. तिकडे तिरुवनंतपुरमला असतात. सुट्टीत आले, की सासूबाई घरातली बिघडलेली यंत्रं त्यांच्यापुढे ओळीने मांडतात. "चंद्रावर यान धाडणाऱ्याला मिक्सरचं पातं बसवता येऊ नये?" हा त्यांचा बिनतोड सवाल. साडूंना ते खरंच येत नाही. त्यामुळेच आमचं बरं जमतं.

मेअखेरीस काजवे पाहायला सगळे भंडारदऱ्याला गेलो. 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण दिसताच मुलांनी विचारलं, "काका, यात पाणी किती मावतं?" साडूंना ठाऊक नव्हतं. कळसूबाईची उंचीही नाही. ती मी सांगितली, 1646 मीटर. मी बँकेत आहे. रात्री एका लुकलुकत्या ठिपक्याचं नाव विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "विमान असेल."

तंबूवाल्या मावशींची चूल पेटेना, लाकूड दमट. सासूबाईंनी फुंकणी थेट जावयाच्या हाती दिली. साडू फुंकून फुंकून लालबुंद झाले, चूल होती तशीच. मग धाप टाकत म्हणाले, "आमच्या घन इंधनात अमोनियम परक्लोरेट कालवलेलं असतं. ऑक्सिजन आतल्या आत मिळतो, बाहेरून फुंकायची सवयच नाही. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातलं 138 टन इंधन दोन मिनिटांच्या आत संपतं."

"मग येताना थोडं आणायचं होतं," सासूबाई म्हणाल्या.

मावशींनी दोन फुंकरांत जाळ केला आणि विचारलं, "सायेब, तुमी आभाळातलं काम करता म्हनं. पाऊस कवा यायचा?"

आम्ही हसलो. साडू हसले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं. पुण्याच्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनावर उमेदीची वर्षं घातली. 1979 ते 1985 ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. त्याच काळात, 18 जुलै 1980 ला, एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. आणि हेच गोवारीकर दिल्लीत विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे सचिव असताना 1988 साली 16 घटकांवरून मॉन्सूनचं भाकीत करू लागले. रॉकेट उडवून दाखवलेल्या माणसाकडूनही देशाला शेवटी हवं होतं ते हेच: यंदा पाऊस कसा? मावशींचा प्रश्न अगदी योग्य खात्यात गेला होता, फक्त माणूस चुकला होता. साडूंना गप्प पाहून त्यांनीच उत्तर दिलं, "काजवं असं झाडभर पेटलं, की येतोयच पंधरा दिसांत." घटक एक. हिशेब संपला.

पण भाकरी थापता थापता त्यांनी जे विचारलं, ते आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. "आत येवढा जाळ, मंग त्ये रॉकेटचं भांडं कसं जळत नाय?"

साडू ताडकन सरसावून बसले. त्यांची सगळी नोकरी त्याच प्रश्नावर चालली आहे! पोलादी कवच आणि इंधन यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तो किती जाड हवा, कुठे सुटतो, सुटला तर काय होतं, हे ते भाकरी गार होईस्तोवर सांगत राहिले. मावशींनी चुलीवरचं पातेलं किंचित कलतं करून त्याच्या बुडाचा मातीचा थर दाखवला. "म्हंजी तुमी लेवा लावता."

"अगदी बरोबर! फक्त आम्ही आतून लावतो." इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नातही पाहिला नव्हता.

सासूबाई माझ्या बायकोच्या कानाशी लागल्या. "बघताना तर रॉकेट बनवतो म्हणाले होते गं."