तहकूब किक-ऑफ

हिंजवडीत ॲपला एक बटण जोडायचं तरी किक-ऑफ मीटिंग लागते. स्लाइड ढीगभर, चहा दोनदा. बटण कुणासाठी आणि करणार कोण, हे सोडून सगळं ठरतं. भोर तालुक्यातल्या भोंगवलीत नळयोजना आणायची तर ग्रामसभा. त्यासाठी ७ दिवस आधी नोटीस, विषयपत्रिका, इतिवृत्त आणि १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल ती गणपूर्ती. शिवाय ‘आमच्या आळीत पाणी कधी?’ असं विचारायला ग्राहक समोरच बसलेला! पळवाटही आहेच. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. कंपन्या ग्रामपंचायतीकडून काही शिकल्या नाहीत, असं कोण म्हणतं? निर्णय घेणारे साहेब गैरहजर, तरी किक-ऑफ रीतसर संपन्न!